परदेशात इकॉनॉमिक्स करायचंय? ठाणे-नवी मुंबईच्या मुलांनी आणि पालकांनी या चुका टाळा

परदेशात जाऊन इकॉनॉमिक्समध्ये बॅचलर्स करायचं हे घरात बारावीत ठरतं, पण सगळ्यात महागात पडणारी चूक त्याच्या आधीच, अकरावीच्या ॲडमिशनला होऊन गेलेली असते. कॉमर्स घेतलं की विचारतात मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), आणि दहावीच्या गणिताने दमलेलं पोरगं एसपी घेऊन मोकळं होतं, मित्र पण तेच घेतायत, मार्क पडतात, आणि सीए करायचं तर काही अडत नाही. सीएला नाही अडत. पण बाहेरच्या बऱ्याच चांगल्या युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सला बारावीचं मॅथ्स सक्तीचं असतं, नसेल तर ९५ टक्के घेऊन या, फॉर्म पुढे सरकत नाही. सायन्सवाल्यांचं पण तेच, बायो ठेवून मॅथ्स सोडलेलं असतं.

मॅथ्स एवढं का लागतं ते समजून घ्या, कारण नुसती अट म्हणून बघितली तर राग येतो. बारावीच्या पुस्तकात घटत्या सीमान्त उपयोगितेचा तक्ता आहे ना, एक नग, दोन नग, एकूण उपयोगिता, सीमान्त उपयोगिता आणि खाली आकृती? बाहेर पहिल्या-दुसऱ्या सेमिस्टरला तोच मुद्दा येतो पण तक्ता नसतो, युटिलिटी फंक्शन देतात, डेरिव्हेटिव्ह काढा, बजेटची मर्यादा घाला आणि लॅग्रांजची पद्धत वापरून मॅक्सिमाइज करा म्हणतात. मग स्टॅटिस्टिक्स, मग इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं), आर नाहीतर स्टाटा या सॉफ्टवेअरवर रिग्रेशन चालवायचं, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते मोजायचं. आपल्याकडे 'फरक स्पष्ट करा' आणि 'सहमत आहात का, सकारण सांगा' लिहून पैकीच्या पैकी घेणाऱ्या मुलांना वाटतं आपल्याला विषय येतो, आणि खरंच येत असतो, फक्त तो तिथे ज्या भाषेत शिकवतात ती शिकायची राहिलेली असते.

मॅथ्स सुटलंय आणि आता बारावीत आहात, तर रडत बसू नका, रस्ते आहेत. बारावी पास झाल्यावर बोर्डाकडून आयसोलेटेड म्हणून एकच विषय देता येतो, एनआयओएस या ओपन बोर्डातून सुटा विषय घेता येतो, एखाद्या सेंटरवर प्रायव्हेटली ए-लेव्हल (ब्रिटिश बारावी) मॅथ्स देता येतं, किंवा तिकडचं फाउंडेशन इयर, म्हणजे डिग्रीआधीचं तयारीचं वर्ष. पण यातलं कुठलं चालेल हे प्रत्येक युनिव्हर्सिटी वेगळं ठरवते, म्हणून पैसे भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. क्लासवाल्यांनी 'चालतं हो' सांगितलं यावर वर्ष घालवायचं नाही.

स्टेट बोर्डाचं पण असंच. इंग्लंडच्या युनिव्हर्सिटींच्या वेबसाइटवर इंडियाचं पान उघडलं की सीबीएसई-आयएससीसाठी एक कटऑफ आणि स्टेट बोर्डांसाठी बऱ्याचदा दुसरा, कधी सरळ फाउंडेशन करा म्हणतात. मोठ्या भावाच्या मित्राला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल असं नसतं, तो सीबीएसईचा होता का ते आधी विचारा.

इकॉनॉमिक्स म्हणजे बीएमएस नव्हे

घरी बीएएफ, बीएमएस, बीकॉम, इकॉनॉमिक्स सगळं एकाच टोपलीत टाकतात. मग मार्केटिंग आणि अकाउंट्सची आवड असलेली मुलगी इकॉनॉमिक्सला जाते आणि पहिल्या वर्षातच वैतागते. कोर्सचं नाव वाचू नका, पहिल्या दोन वर्षांचे मोड्यूल वाचा, सगळं वेबसाइटवर असतं. इंग्लंडमध्ये डिग्री साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार, एडिनबरा-सेंट अँड्र्यूजला त्याच पहिल्या डिग्रीला एमए म्हणतात, म्हणजे बजेटमध्ये एक वर्ष जास्तीचं धरायचं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आजच बघा, मेजरचा (मुख्य विषयाचा) सीआयपी कोड, म्हणजे तिथल्या सरकारी यादीतला त्या विषयाचा नंबर. साधं इकॉनॉमिक्स ४५.०६०१ असतं, इकॉनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स ४५.०६०३. पहिलं स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्स) यादीत नाही, दुसरं आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, दोघांनाही मिळते, पण स्टेमवाल्याला वर २४ महिने वाढवून मागता येतात. लोन फेडायचं असेल तर हे दोन वर्षांचं अंतर म्हणजे सगळंच आहे, आणि काही कॉलेजात एकाच डिपार्टमेंटमध्ये दोन्ही मेजर असतात, थोडं जास्त मॅथ्स घेतलं की झालं. तरी हा प्रश्न ॲडमिशनच्या वेळी कोणी विचारत नाही. नौपाड्यापासून वाशीपर्यंत फुकट काउन्सेलिंगचे बोर्ड आहेत, बऱ्याच एजंटना युनिव्हर्सिटीकडून कमिशन असतं, त्यामुळे त्यांच्या यादीत काय नाही हे तुम्हालाच शोधावं लागेल.

केंब्रिज आणि एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) इथल्या इकॉनॉमिक्सला टीएमयूए ही गणिताची परीक्षा आहे, कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि तिचं रजिस्ट्रेशन यूकॅसच्या, म्हणजे यूकेच्या युनिव्हर्सिटींसाठीच्या एकत्र अर्जाच्या, फॉर्मपासून वेगळं करावं लागतं. मुलं यूकॅस भरतात आणि हे राहून जातं. केंब्रिजला १५ ऑक्टोबरची डेडलाइन असते, म्हणजे आपल्याकडे गणपती-नवरात्र चालू असताना सगळी तयारी.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये लहानपण नको

"मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे" हे वाक्य काढून टाका. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसमध्ये एक मोठा निबंध नाही, तीन प्रश्न आहेत: हा कोर्स का, अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत. एकूण ४,००० कॅरेक्टर, स्पेस धरून. डिबेटची सर्टिफिकेटं, एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स), लायब्ररीतल्या दहा पुस्तकांची नावं यात जागा जाते आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही की हा मुलगा विचार कसा करतो.

आणि आपल्याकडे विषय काय कमी आहेत? वाशीचं एपीएमसी मार्केट शेजारी आहे. कांद्याची रोजची आवक आणि भाव ॲगमार्कनेटवर फुकट मिळतो, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, क्विंटलमध्ये. दोन-तीन महिने एक्सेलमध्ये उतरवून घ्या, शेजारच्या रकान्यात तुमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याचा किलोचा भाव लिहा. घाऊक भाव पडला की भाजीवाला लगेच उतरवतो का? वाढला की तेवढ्याच वेगाने वाढवतो का? एवढ्या एका प्रश्नावर चार ओळी प्रामाणिकपणे लिहिल्या, उत्तर अर्धवट राहिलं असलं तरी, तर त्या दहा पुस्तकांपेक्षा जास्त बोलतात. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, अटल सेतूनंतर उलव्यातले जागांचे भाव, विषय दारात पडलेत.

रेफरन्सचा घोळ मात्र इंटिग्रेटेडवाल्यांचा हमखास होतो. कॉलेज कागदावर, शिकलो क्लासला, दोन वर्षं वर्गात पाऊल नाही, आणि आता यूकॅसला रेफरन्स हवा, कॉमन ॲपला (अमेरिकेतल्या कॉलेजांचा एकत्र अर्ज) काउन्सेलरचं पत्र आणि स्कूल रिपोर्ट हवा, प्रेडिक्टेड मार्क (बारावीत किती पडतील याचा टीचरचा अंदाज) लेटरहेडवर हवेत. ज्या सरांनी तुमचं तोंड पाहिलं नाही ते काय लिहिणार? अकरावीपासून मॅथ्सच्या आणि इकोच्या टीचरना भेटत राहा, पेपर दाखवा, शंका विचारा. प्रेडिक्टेड म्हणजे काय हे बऱ्याच ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसला माहीत नसतं, प्रिन्सिपलना दिवाळीच्या आधी नीट समजावून सांगा.

पैसे आहेत, पण चुकीच्या जागी

यूकेच्या व्हिसाला पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहायचा खर्च खात्यात दाखवावा लागतो, नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला महिन्याला १,५२९ पाउंड आणि लंडनबाहेर १,१७१, नऊ महिन्यांपर्यंत. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आतली. मधे एक दिवस होम लोनचा हप्ता नाहीतर एसआयपी कापली गेली आणि आकडा खाली गेला, तर २८ दिवस नव्याने मोजायचे. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईबाबांचं हवं, कायदेशीर पालक असेल तर त्यांचं. आजोबांची एफडी, मामाचे पैसे, बाबांचा पीएफ, शेअर्स, हे त्यात धरत नाहीत. आजोबा द्यायला तयार असतील तर पैसे आधीच बाबांच्या खात्यात येऊ देत.

बाबांचं खातं दाखवायचं तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला लागतो, आणि इथे किती घरं अडकतात! जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच टाकलेलं नसतं, नुसती तारीख आणि आईवडिलांची नावं. आज कपाटातून काढून बघा, महापालिकेत नाव लावून घ्यायला वेळ जातो. तसंच बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, मग आयईएलटीएसला एक क्रम आणि यूकॅसला दुसरा. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे लिहा.

लोनसाठी घर गहाण ठेवणार असाल तर जानेवारीतच बँकेत कागद दाखवा. ठाण्यात ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या बिल्डिंगा आहेत, नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरच्या जागेला बँक सिडकोची एनओसी मागते, आणि गावठाणातल्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचं टायटल क्लिअर नसेल तर बँक ते तारण धरत नाही. हे मे महिन्यात कळलं की धावपळ होते. फी स्वतःच्या पैशातून पाठवत असाल तर वर्षाला दहा लाखांच्या वर बँक टीसीएस (आधीच कापलेला कर) घेते, त्याचं रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या पैशाला १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

नॅशनल ओव्हरसीज, राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती, चेव्हनिंग या शिष्यवृत्त्यांच्या भरवशावर राहू नका, या मास्टर्स आणि त्याच्या पुढच्यांसाठी आहेत.

जर्मनी फुकट आहे म्हणून तिकडे वळणाऱ्यांनी ऐका: नुसत्या बारावीवर इकॉनॉमिक्सला थेट प्रवेश साधारणपणे मिळत नाही, इथे एक वर्ष कॉलेज किंवा तिकडे स्टुडियनकोलेगचा (डिग्रीआधीच्या तयारीचं कॉलेज) डब्ल्यू-कोर्स करावा लागतो, बहुतेक बॅचलर्स जर्मनमधून, वर एपीएस सर्टिफिकेट (कागदपत्रं तपासल्याचं) आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येणारं खातं) वर्षाला ११,९०४ युरो. जर्मन अकरावीपासून शिकत असाल तर उत्तम रस्ता आहे, नाहीतर नाही.

आणि यूकेसाठी टीबी टेस्ट त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते, घराजवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, त्यामुळे ऑफर पक्की झाली की मे-जूनमध्येच अपॉइंटमेंट घेऊन टाका.