"बाई, आता कोणता तास?" यावर सुतळी-चिमट्याचा उपाय

पहिली-दुसरीची मुलं दिवसभर हेच विचारतात, कारण भिंतीवरचं छापील वेळापत्रक त्यांना अजून वाचता येत नाही.

१. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढा: परिपाठाला घंटा, भाषेला पुस्तक, गणिताला मणी, पोषण आहाराला ताट, खेळाला चेंडू. खाली मोठ्या अक्षरात शब्द.
२. फळ्याशेजारी मुलांच्या उंचीला सुतळी बांधा. सकाळीच त्या दिवसाची कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी क्रमाने लावा.
३. तास संपला की एका मुलाने कार्ड उलटं करायचं. या कामासाठी भांडणं होतात; पाळी हजेरीच्या क्रमानेच द्या.

एका खोलीत दोन इयत्ता असतील तर दोन सुतळ्या, एकाखाली एक. वर 'बाईंसोबत' करायचं काम असेल तिथे खाली 'आपलं आपण' करायचं काम आलं पाहिजे. दोन्हीकडे एकाच वेळी बाई लागत असतील तर ते लावतानाच दिसतं, आणि कार्ड सरकवलं की काम झालं.

लसीकरण, पाहुणे, तपासणी यांसाठी प्रश्नचिन्हाचं एक कार्ड हाताशी ठेवा.

मात्र कार्डांवर घड्याळाची वेळ लिहू नका. नाहीतर गणित दहा मिनिटं लांबलं की सगळ्यांचं लक्ष ताटाच्या कार्डाकडे!