ख्रिसमसच्या चिमुकल्या गावातील वायरी कशा लपवाव्यात

ख्रिसमसच्या सजावटीत मांडल्या जाणाऱ्या, डिपार्टमेंट 56 या अमेरिकी कंपनीच्या संग्रहासारख्या संग्रहांतील चिनी मातीच्या छोट्या घरांना बहुधा प्रत्येकी एक स्वतंत्र बल्बची वायर असते, त्यामुळे आठ-दहा घरे मांडली की पांढऱ्याशुभ्र बर्फावर वायरींचे जाळेच आधी नजरेत भरते.

1. बुटांची रिकामी खोकी उपडी ठेवून पायऱ्या रचाव्यात. लहान घरे मागे व वर ठेवल्यास गाव दूरवर पसरल्यासारखे भासते, आणि हा परिणाम मला फारच मोहक वाटतो.
2. प्रत्येक घराच्या मागे येईल अशा जागी खोक्याला बल्ब सहज जाईल एवढे भोक पाडावे आणि वरून अंथरलेल्या पांढऱ्या कापडाला तेथेच फुलीच्या आकाराची चीर द्यावी.
3. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवून ती खोक्याखालून एक्स्टेंशन बोर्डापर्यंत न्यावी, म्हणजे एखादे घर विझल्यास सगळी मांडणी उचकटावी लागत नाही.

अमेरिकेतून आणलेल्या वायरी साधारणतः 120 व्होल्टच्या असल्याने त्या भारतातील 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट कधीही लावू नयेत. त्याऐवजी घराच्या मागील भोकातून बॅटरीवर चालणारा लहान एलईडी दिवा आत सरकवावा.