ग्रुपला कुलूप लावण्याआधी

कंपनीच्या निषेधात तुमचा ऑनलाइन ग्रुप बंद करणार असाल तर आधी त्यातल्या मजकुराची प्रत काढा. मागण्या, तारीख, निषेधाचं पत्रक, सगळं नंतर.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबाबांचा एक ग्रुप आम्ही चौघं मॉडरेटर (ग्रुपवर लक्ष ठेवणारे) सहा वर्षं सांभाळत होतो, अर्थातच बिनपगारी. ज्या कंपनीच्या साइटवर ग्रुप होता तिने नियम बदलले, आम्ही निषेध म्हणून ग्रुप बंद केला आणि नवव्या दिवशी आमचे अधिकार काढून घेतले गेले. पिन केलेली पानं आतच राहिली. शाळेत मुख्याध्यापकांना द्यायचं पत्र, गावी फ्रिज नसेल तर माठाच्या गारव्यात इन्सुलिन कसं ठेवायचं, साखर एकदम उतरली तर घरातल्या आजीने काय करायचं. पालकांनी अनुभवातून सांगितलेलं, ग्रुपमधल्या दोन डॉक्टरांनी ओळ न् ओळ तपासलेलं. नव्या माणसाने ग्रुप उघडला तोवर ती पानं पुसली गेली होती. आमच्या चौघांपैकी एकाकडेही प्रत नव्हती.

प्रत म्हणजे चार स्क्रीनशॉट नव्हेत. पिन केलेला मजकूर, ग्रुपचे नियम, बॉटला (नको त्या पोस्ट आपोआप अडवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिलेल्या सूचना, कुणाला कधी आणि का काढलं त्याची नोंद, हे सगळं घ्या. बॉटच्या सूचना तर विसरूच नका. ‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणत चूर्ण विकणारे आमच्याकडे त्यांच्यामुळेच शिरत नव्हते. प्रत दोघांकडे, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकाने काढली की दुसऱ्याने ती उघडून शेवटपर्यंत वाचायची, अर्धीच उतरलेली फाइल काही कामाची नाही. सभासदांच्या पोस्ट मात्र उचलू नका. कुणाच्या लेकराचे रिपोर्ट त्यांनी ग्रुपला दाखवले होते, तुमच्या घरी ठेवायला दिले नव्हते.

प्रत झाली? मग मागणी. ती एका वाक्यात मावली पाहिजे आणि कंपनीला उद्या मान्य करता येईल अशी किमान एक तरी हवी. २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटने बाहेरच्या ॲप्सकडून एपीआयचे (ॲपने साइटवरचा मजकूर घेण्याच्या वाटेचे) पैसे घ्यायचं ठरवलं. रेडिट वाचायचं अपोलो हे ॲप बनवणाऱ्याने हिशेब मांडला तो वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरचा. दर काही मागे आले नाहीत, अपोलो ३० जूनला बंद पडलं. पण दृष्टिहीनांच्या कम्युनिटीने (रेडिटवरच्या ग्रुपने) नेमकं दाखवून दिलं की रेडिटच्या स्वतःच्या ॲपवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून मॉडरेशन करता येत नव्हतं. रेडरीडर, डिस्टोपिया अशा बिनव्यापारी ॲप्सना सूट मिळाली ती या सुलभतेच्या मुद्द्यावर.

मग ठरवा, कुलूप लावायचं की काम थांबवायचं. यावर घाई करू नका, आम्ही केली. रेडिटवर १२ जूनपासून ४८ तासांसाठी ८,००० हून अधिक कम्युनिटी बंद झाल्या. शेवट आधीच जाहीर होता, त्यामुळे कंपनीला फक्त थांबायचं होतं. हेही वादळ जाईल, असं कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना लिहून कळवलं. ज्यांनी पुढेही बंद ठेवलं त्यांना ‘उघडा, नाहीतर दुसरे मॉडरेटर येतील’ असे निरोप गेले. सप्टेंबर २०२४ पासून तर तिथे कम्युनिटी खासगी (बाहेरच्यांना बंद) करायलाही कंपनीची परवानगी लागते. म्हणजे कुलूप तुमच्या हातात आहे का, हे आधी तपासा.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या मॉडरेटरांची रीत मला जास्त पटते. ५ जून २०२३ पासून त्यांनी दारं उघडी ठेवली आणि काम थांबवलं. तक्रारी हाताळणं बंद, स्पॅम पकडणारा बॉट बंद. वाद होता एआयने लिहिलेली उत्तरं काढण्यावर कंपनीने घातलेल्या बंधनांचा. बोलणी करायला माणसं निवडली आणि ऑगस्टमध्ये समझोता झाला. त्यांच्या मागण्यांत आणखी एक गोष्ट होती: सगळ्या मजकुराची ठरावीक काळाने जाहीर होणारी प्रत कंपनीने थांबवली होती, ती पुन्हा सुरू करा. मी हे वाचलं तेव्हा आमची पानं जाऊन महिना झाला होता.

सभासदांना विचारा. मतदान घ्या, निदान आठवडाभर आधी सांगा. आणि बंदच्या काळात मदतीला कुठे जायचं, तो पत्ता कुलपावरच्या पाटीवर लिहा. एका आईने रात्री अकरा वाजता माझा नंबर कुठून तरी मिळवून फोन केला. मुलीची साखर ५४ होती आणि तिला ते पान सापडत नव्हतं. मी आठवेल तसं सांगितलं, साखर वर आली. पण ती वेळ कुणावर येऊ नये. पर्यायी जागा कुलूप लावण्याआधी तयार हवी आणि तिथे पहिल्या दिवशी पहिली पोस्ट म्हणजे ही प्रत.

मॉडरेटरांच्या यादीत सगळ्यात वर कोण आहे ते बघा. वर्षानुवर्षं न फिरकलेला कुणी असेल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्या. तो एका क्षणात तुम्हाला काढून ग्रुप उघडू शकतो.

बाकीचं पटकन. कंपनीशी एकानेच बोलायचं, लेखी. आलेला प्रत्येक मेल जपायचा. कर्मचाऱ्यांना शिवीगाळ नको, ते धोरण ठरवत नाहीत. परत कधी उघडायचं ते आधी ठरवा, सगळ्या मॉडरेटरांच्या सहमतीने. उघडल्यावर स्पॅमचा ढीग असेल, दोन दिवस मोकळे ठेवा.

आणि प्रतीवरची तारीख बघा. महिन्यापूर्वीची असेल तर कुलूप लावायच्या आदल्या रात्री नवी काढा.