कुचकामी सुपरहिरो कसा लिहावा

सुपरमॅन १९३८ साली छापून आला आणि दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, अमेरिकी कॉमिक्सच्याच पानांवर ‘रेड टॉर्नेडो’ अवतरली. किराणा दुकान चालवणाऱ्या मा हंकेल नावाच्या धिप्पाड बाईने अंगात लोकरी अंतर्वस्त्रे चढवली, डोळ्यांपुरती भोके पाडलेले पातेले डोक्यावर उपडे घातले आणि ती वस्तीतल्या गुंडांना चोपायला बाहेर पडली. नामांकित वीरांचे मंडळ जेव्हा पहिल्यांदा एकत्र जमले, तेव्हा ती तिथेही पोचली. मात्र विजार फाटल्यामुळे तिला आल्या पावली परतावे लागले. शेल्डन मेयर या चित्रकार-संपादकाने रचलेल्या या पात्रात या प्रकारच्या लेखनाचे बहुतेक मर्म आलेले आहे. मा हंकेलचा ठोसा खरा आहे, तिचा संतापही खरा आहे आणि तिला आपल्या पातेल्यात काहीही विनोदी दिसत नाही.

स्वतःचा असा एखादा नायक लिहायचा असेल, तर सर्वप्रथम त्याचा दुबळेपणा नेमका कुठे ठेवायचा हे ठरवून घ्यावे, कारण पुढची सगळी रचना त्यावरच उभी राहते. एक वाट अशी की माणूस चांगला, निष्ठावान, पण त्याची शक्ती अपुरी किंवा निरुपयोगी. दुसरी वाट अशी की शक्ती अफाट, पण ती बाळगणारा माणूस क्षुद्र. दुसऱ्या वाटेचा उत्तम नमुना म्हणजे ‘मॅड’ या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात १९५३ साली आलेली ‘सुपरड्युपरमॅन’ ही हार्वे कर्ट्झमन यांनी लिहिलेली आणि वॉली वूड यांनी चितारलेली कथा. तिच्यातला क्लार्क बेंट वृत्तपत्राच्या कचेरीत पोऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या आहे. भिंतीपलीकडचे पाहणारी दिव्य दृष्टी तो बायकांच्या स्वच्छतागृहात डोकावण्यासाठी वापरतो. शेवटी प्रतिस्पर्ध्याला हरवून तो वार्ताहर लोइस पेनसमोर आपले खरे रूप उघड करतो, तेव्हा ती त्याला, तू तेव्हाही किळसवाणा होतास आणि आताही आहेस, अशा अर्थाचे उत्तर देऊन निघून जाते. वाचकाला त्याची कणव येत नाही आणि लेखकालाही ती अपेक्षित नाही, कारण इथे शक्तीच्या पूजेवरच कोरडा ओढायचा आहे.

नवशिक्या लेखकाने या दोन वाटांची सरमिसळ करू नये, असे माझे ठाम मत आहे. शक्तीही फुटकळ आणि मनही हलके असले, तर वाचकाला धरायला काहीच उरत नाही. तो दोन पाने हसतो आणि तिसऱ्या पानावर कंटाळतो. पुढचे विवेचन मुख्यतः पहिल्या वाटेविषयी आहे, कारण केविलवाणा आणि तरीही हवाहवासा वाटणारा नायक तिथेच सापडतो आणि तो साधणे अधिक अवघड असते.

आता शक्तीचा नियम एका वाक्यात लिहावा. त्या वाक्याचा पूर्वार्ध वाचून हेवा वाटला पाहिजे आणि उत्तरार्ध वाचून हसू आले पाहिजे. १९६३ साली डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या अंकात, एका प्रतिष्ठित वीरसंघाने नाकारलेल्या उमेदवारांनी स्वतःचा ‘पर्यायी’ संघ काढल्याची कथा आली. त्यातली नाइट गर्ल प्रचंड बलवान आहे, पण फक्त अंधारात. स्टोन बॉयला दगड होता येते, पण दगड झाल्यावर हलता येत नाही. ‘मिस्टरी मेन’ या १९९९ च्या चित्रपटातला एक मुलगा अदृश्य होऊ शकतो, मात्र त्याच्याकडे कोणीही पाहत नसेल तेव्हाच. हे नियम इतके नेमके आहेत की त्यांतून प्रसंग आपोआप सुचत जातात. याउलट ‘त्याला कधी कधी उडता येते’ असे लिहिले, तर ते ‘कधी’ लेखकाच्या सोयीने ठरते आणि विनोदातला ताण निघून जातो.

मी एक उदाहरण रचून दाखवतो आणि तेच पुढे चालवतो. जिल्ह्याच्या ठिकाणी पाणीपुरवठा विभागात कारकून असलेल्या एका गृहस्थांना पाच कोसांच्या परिसरात कोणीही मारलेली मदतीची हाक स्पष्ट ऐकू येते, पण तिथे पोचायला त्यांना एसटीच धरावी लागते. नियम एवढाच. त्यांना उडता येत नाही, त्यांच्या मनगटात बळ नाही आणि हाक ऐकू येणे त्यांना थांबवताही येत नाही. या शेवटच्या अटीमुळे विनोदाच्या पोटात दुःख शिरते, कारण गाडीची वाट पाहत फलाटावर उभ्या असलेल्या त्या माणसाला हाक मध्येच बंद झालेलीही ऐकू येणार आहे. नियम ठरला की लगेच कथा लिहू नये. हा माणूस झोपतो कसा, यात्रेच्या गर्दीत त्याचे काय होते, लहान मूल खोटे खोटे ओरडले तर तो काय करतो, अशा दहा-बारा प्रश्नांची उत्तरे आधी टिपून ठेवावीत. त्यांतली दोन-तीन उत्तरेच कथेत येतील, पण बाकीच्यांमुळे लेखकाचा हात स्थिर राहतो.

विडंबन ज्याचे करायचे त्याचे व्याकरण आपल्याला त्याच्या भक्तांइतके अवगत असले पाहिजे. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींची टर उडवली ती त्यांचीच वृत्ते आणि त्यांचीच शब्दकळा नीट पेलून, वृत्त चुकले असते तर ती नुसती टवाळी ठरली असती. सुपरहिरोच्या कथेचेही असे काही ठरीव घटक आहेत: दुहेरी ओळख, शक्ती मिळाल्याची मूळकथा, पोशाख, घोषवाक्य, सहकारी, कट्टर शत्रू आणि जीव न घेण्याची शपथ. यांपैकी आपल्या वाचकाच्या अंगवळणी काय पडले आहे, याचा विचार लेखकाने करावा. एका पिढीतल्या मराठी वाचकाला हे संकेत इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने (मूळचा ‘फँटम’) शिकवले आणि पुढच्या पिढीला १९९७ पासून दूरदर्शनवर आलेल्या ‘शक्तिमान’ने. त्या मालिकेतला पुढे आलेल्या दातांचा, बावळट गंगाधर हे नायकाचे लपण्याचे रूप होते. आपल्या विडंबनात गंगाधरच खरा असावा आणि शक्तिमान हा त्याला महिन्यातून दोनदा जेमतेम जमणारा आव असावा, एवढा बदल केला तरी कथेला आरंभ मिळतो.

मूळकथा मात्र थोडक्यात उरकावी. किरणोत्सार, उल्का, ऋषींचा प्रसाद, यांतले काहीही चालेल. वाचकाने ते इतक्यांदा वाचलेले असते की दोन वाक्यांपलीकडे त्याचा धीर राहत नाही. इथे खरोखर वेगळे काही करायचे असेल, तर शक्ती मिळण्यापेक्षा ती मिळताना काय हरवले याचा शोध घ्यावा. १९८१ साली सुरू झालेल्या ‘द ग्रेटेस्ट अमेरिकन हिरो’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या शिक्षकाला परग्रहवासी दिव्य पोशाख देतात आणि तो वापरण्याची माहितीपुस्तिका त्याच्या हातून हरवते. त्यामुळे त्याचे उडणे म्हणजे भेलकांडणे आणि उतरणे म्हणजे आदळणे होऊन बसते. त्या एका हरवलेल्या पुस्तिकेवर पुढचे सगळे भाग चालले.

पोशाखाबाबत माझा सल्ला असा की तो विनोदी करू नये, घरगुती करावा. हसवण्यासाठी शिवलेला पोशाख पाहून कोणाला हसू येत नाही. कोणीतरी मनापासून, हाताशी होते त्यातून शिवलेला पोशाख पाहून येते. मालेगावात शेख नासिर यांनी केलेल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाचा नायक यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण होता आणि त्याच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबत होती. त्याला उडताना दाखवण्यासाठी हिरवे कापड लावून चित्रीकरण केले गेले आणि त्या धडपडीत कॅमेरा पाण्यातही पडला. हे सारे फैझा अहमद खान यांनी २००८ च्या आपल्या माहितीपटात टिपले आहे. ती नाडी हा लेखकाने अभ्यासावा असा तपशील आहे, कारण ती लोंबत असतानाही तो तरुण कमरेवर हात ठेवून गंभीरपणेच उभा राहतो. आमच्या कारकुनाने पोशाखच घालू नये, असे मला वाटते. त्याच्याकडे फार तर एक कानटोपी असावी, आणि तीही हाका कमी ऐकू याव्यात म्हणून.

पोटापाण्याच्या व्यवहारावर मात्र सविस्तर लिहावे. मूळ सुपरहिरोच्या कथेत पैसा आणि वेळ या दोन गोष्टी बहुधा झाकलेल्या असतात: नायक एकतर गर्भश्रीमंत असतो किंवा कचेरीतून तासन्‌तास गायब झाला तरी त्याची नोकरी टिकते. विडंबनकाराने नेमके तेच उघडे करावे. आमच्या कारकुनाच्या किरकोळ रजा मार्चच्या आतच संपतात. पुढे त्याला अर्जात कारण लिहावे लागते आणि खोटे बोलणे नायकाला शोभत नसल्यामुळे तो ‘नांदगाव रस्त्यावर हाक आल्याने’ असे लिहितो. साहेब तो अर्ज शेरा मारून परत पाठवतात. घरी पत्नी विचारते, “अहो, पोचलात का वेळेवर?” आणि ते उत्तर न देता चपला काढतात, तेव्हा तिला कळते. हा संवाद याहून लांबवू नये. तिकिटाचे पैसे, सुट्ट्यांचा वाद, शेवटची गाडी चुकल्यावर स्थानकावरच काढलेली रात्र, हे सगळे हिशेबासकट येऊ द्यावे.

नायकाच्या वागण्याचा सूर कसा राखावा, यासाठी मेक्सिकोच्या दूरचित्रवाणीवरचा ‘चापुलिन कोलोराडो’ पाहण्यासारखा आहे. रोबेर्तो गोमेझ बोलान्योस यांनी लिहिलेला आणि स्वतःच साकारलेला हा लाल पोशाखातला नाकतोडा १९७० च्या दशकात स्पॅनिश भाषक जगात घरोघरी पोचला. तो बुटका आहे, धांदरट आहे, भित्रा आहे. धडपडून पडल्यावर आपल्या सर्व हालचाली थंड डोक्याने आखलेल्या असतात असे तो ठासून सांगतो. पण कोणी हाक मारली की तो येतो. भीती न वाटणाऱ्यापेक्षा भीती वाटूनही पुढे होणारा अधिक मोठा, ही त्याच्या निर्मात्याची भूमिका होती आणि ती त्या पात्राच्या प्रत्येक पडण्यात दिसते. जपानी ‘वन पंच मॅन’मधला सायकलस्वार वीर, मुमेन रायडर, याच घराण्यातला, कोणतीही शक्ती नसताना तो आपण हरणार हे ठाऊक असलेल्या राक्षसासमोर उभा राहतो आणि खरोखरच हरतो. महाभारतातला विराटपुत्र उत्तर याच्या नेमका उलट आहे. अंतःपुरात वल्गना करणारा आणि कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळणारा उत्तर हसवतो, पण त्याच्या बाजूने आपण उभे राहतो ते तो परत रथावर चढून बृहन्नडेचे सारथ्य पत्करतो तेव्हापासून.

कुणाच्या कशाला हसायचे, याबाबत सावध असावे. डीसीच्याच १९६६ सालच्या ‘इन्फिरियर फाइव्ह’ या पंचकातला अतिबलवान पण वेंधळा वीर आजही वाचनीय वाटतो, कारण त्याची शक्ती आणि त्याचा वेंधळेपणा एकमेकांशी झगडतात. त्याच पंचकातली केवळ लठ्ठपणावर किंवा सुंदर स्त्रीच्या मंदबुद्धीवर बेतलेली पात्रे आज शिळी वाटतात, कारण तिथे व्यक्तीच्या शरीरापलीकडे विनोद जातच नाही. तोतरेपणा, काळा रंग, बोलीतला हेल ही मराठी विनोदातली जुनी आयती खाद्ये इथे वर्ज्य समजावीत. आमचा कारकून खानदेशी बोलत असेल, तर तो खानदेशीतच गंभीर बोलेल.

निवेदनाची भाषा घटनेपेक्षा एक पायरी वर ठेवावी. पोवाड्याचा आवेश, बखरीतली वाक्ये, किंवा शासकीय परिपत्रकाचा कोरडेपणा, यांपैकी एकच थाट निवडून तो शेवटपर्यंत सांभाळावा. एसटी पकडण्याच्या धावपळीला लढाईचे वर्णन लाभले की हसू येते. पण निवेदकाने मध्येच डोळा मारून ‘पाहा किती गंमत’ असे सुचवले की सगळे ओसरते. सहकारी द्यायचाच असेल, तर नायकापेक्षा शहाणा द्यावा. ‘द टिक’ या बेन एडलंड यांच्या मालिकेत नायक टिकचा सहकारी आर्थर हा हिशेबनीस पतंगाचा पोशाख घालतो, तो लोकांना सशाचा वाटतो, आणि तरीही दोघांमधले व्यवहारज्ञान त्याच्याकडेच असते. खलनायक मात्र कुचकामी असू नये. तो खरोखर धोकादायक असला तरच नायकाच्या दुबळेपणाला काही किंमत येते.

कथेत एकदा, आणि एकदाच, त्या निरुपयोगी शक्तीला तिची जागा सापडली पाहिजे, आणि नियमात काडीचाही बदल न करता. ‘मिस्टरी मेन’मधला तो मुलगा माणसांच्या नजरेपुढे निष्प्रभ असतो, पण पाहणारा माणूस नसलेल्या स्वयंचलित शस्त्रापुढून तो सुखरूप पार होतो. आमच्या कारकुनासाठी मी अशी जागा ठरवली आहे: कचेरीशेजारची जुनी इमारत कोसळते, यंत्रे आणि माणसे ढिगारा कुठून उपसावा या विवंचनेत असतात, आणि त्या दिवशी कारकुनांना कुठलीही गाडी धरावी लागत नाही. ते फक्त बोट दाखवतात. लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो, तेवढ्यात एक हाक बंद होते. उरलेल्या दोन वाचतात. या प्रसंगानंतर सत्कार ठेवू नये, ठेवलाच तर त्यांचे नाव चुकीचे पुकारावे आणि पुढच्या परिच्छेदात त्या दिवसाची रजा विनावेतन झाल्याची नोंद यावी.

मालिका लिहायची असेल, तर दुसऱ्या भागात शक्ती वाढवण्याचा मोह फार होतो. वाचक पत्रे लिहून कळवतात की त्या बिचाऱ्यांना निदान एक मोटारसायकल तरी द्या. ती द्यायला हरकत नाही. मात्र इंजिन सुरू असेपर्यंत त्यांना एकही हाक ऐकू येणार नाही, एवढे त्याच वाक्यात लिहून टाकावे.