बॉक्सर खरंच पळतोय की नुसती बोंबाबोंब, हे ओळखायचं कसं

मोठी फाईट ठरता ठरता फिसकटली की दोन्हीकडचे फॅन सुरू होतात, तुमचा घाबरला, तुमचाच पळाला. याला डक करणं म्हणतात. आता रिंगमध्ये डक करणं म्हणजे ठोसा येताना खाली वाकून तो चुकवणं, त्याला तर टाळ्या पडतात. रिंगच्या बाहेर मात्र डक केलं म्हणजे अमुक माणसाशी लढायचंच नाही म्हणून एकामागून एक सबबी काढत राहणं. कुस्तीच्या मैदानात पैलवान आलाच नाही तर अख्ख्या गावाला दिसतं, इथं मधे प्रमोटर म्हणजे फाईट भरवणारे, टीव्ही चॅनल, वकील आणि चॅम्पियनचा बेल्ट देणाऱ्या चार-चार संस्था असतात, त्यामुळं नक्की 'नाही' कोण म्हणालं तेच कळत नाही.

तर पहिलं काम, मुलाखती बघणं बंद करा. "कोणीही येऊ दे, मी तयार आहे" हे सगळेच म्हणतात, त्याला पैसे पडत नाहीत.

मग बघा की समोरचा मँडेटरी चॅलेंजर आहे का. म्हणजे संस्थेनं चॅम्पियनला सांगितलेलं असतं की आता याच्याशीच लढ. दोघांचं पैशावरून जमलं नाही तर पर्स बिड होते, प्रमोटर बंद लिफाफ्यात आकडा देतात, ज्याचा मोठा त्याची फाईट, आणि कुणाला किती टक्के ते संस्थाच ठरवते. २०२२ मध्ये टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाईटची अशीच ठरली, बिड ४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेली आणि वाटणी ८०-२०, व्हाईटला २० टक्के. कमी वाटले तरी तो लढला. हे सगळं झाल्यावर पैशाची सबब चालत नाही, राहतात दोनच रस्ते, लढा नाहीतर बेल्ट सोडा.

आणि बेल्ट सोडला की कान टवकारायचे. याचं सगळ्यात भारी उदाहरण रिडिक बो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या फायनलला लेनॉक्स लुईसनं त्याला दुसऱ्याच राउंडला थांबवलं होतं. नोव्हेंबर १९९२ ला बो होलिफिल्डला हरवून हेवीवेट चॅम्पियन झाला, डब्ल्यूबीसी या बेल्टवाल्या संस्थेचा पुढचा चॅलेंजर कोण, तर तोच लुईस. बोनं काय करावं, लंडनला जाऊन पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा बेल्ट चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला! संस्थेवर राग वगैरे ठीक आहे हो, पण त्याच्या जागी लढला कुणाशी ते बघा ना, आधी मायकल डोक्स, मग जेसी फर्ग्युसन, पहिला एका राउंडमध्ये आटोपला आणि दुसरा दुसऱ्यात. लुईसशी प्रोमध्ये, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये, कधीच नाही. माझ्या हिशोबात हे डकिंगच, यात वाद नाही. म्हणून 'याच्याऐवजी कोण' हा प्रश्न लक्षात ठेवा, त्यात जेवढं कळतं तेवढं कशात नाही.

पण प्रत्येक केस इतकी सोपी नसते. मेवेदर-पॅकियाव घ्या. मार्च २०१० ला व्हायची होती, पैसेसुद्धा ५०-५० ठरले होते, आणि अडलं कशावर तर उत्तेजक औषधांसाठीच्या रक्ताच्या तपासणीवर. मेवेदरला अचानक कधीही टेस्ट हवी होती, पॅकियावचं म्हणणं फाईटच्या तोंडावर रक्त काढलं की अशक्तपणा येतो. झालं, फिसकटली. आता इथं दोघांनी ऐनवेळी कुणाला घेतलं? पॅकियावनं जोशुआ क्लॉटीला, मेवेदरनं शेन मोस्लीला आणि तीही तशीच टेस्ट लावून. म्हणजे मेवेदरची अट नुसती सबब नव्हती, पण म्हणून पॅकियाव घाबरला असंही म्हणता येत नाही, तो तर वजन वाढवत वाढवत मोठमोठ्यांना भिडलेला माणूस. शेवटी २ मे २०१५ ला झाली, वाटणी ६०-४०, मेवेदर ३८ चा, पॅकियाव ३६ चा. आमच्याकडं रविवार सकाळ, चौघं जण पोहे घेऊन बसलो होतो आणि सहाव्या-सातव्या राउंडला एक जण चक्क झोपला.

यावरून वय बघायची सवय लावून घ्या. सरळ नाही म्हणायचं नाही, नुसतं लांबवायचं, समोरचा म्हातारा होईपर्यंत. कनेलोनं २०१६ ला डब्ल्यूबीसी बेल्ट सोडला तेव्हा चॅलेंजर होता गोलोव्हकिन. पहिली फाईट झाली तोवर गोलोव्हकिन ३५ चा, तिसरीला ४० चा. पण कनेलो लढला तर खरा, तीनदा, म्हणून त्याला मी पळपुटा नाही म्हणणार, चालू म्हणेन. वजनगटही बघा बरं का, दोन गट वरच्याला नाही म्हणणं म्हणजे पळणं नव्हे.

शेवटचं आणि अवघड, पळतोय तो बॉक्सर की त्याच्या मागची माणसं? जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ हेवीवेट चॅम्पियन होता आणि हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय बॉक्सर बहुतेक सगळा वेळ त्याच्या मागं लागलेला. प्रमोटर टेक्स रिकर्डला भीती होती, कारण १९१० ला कृष्णवर्णीय जॅक जॉन्सननं गोऱ्या जेफ्रीजला हरवल्यावर अमेरिकेत दंगली झाल्या होत्या आणि ती फाईट रिकर्डनंच भरवलेली. १९२५ ला डेम्प्सीनं विल्सबरोबर करारावर सहीपण केली, पण भरवणाऱ्यांना पैसेच उभे करता आले नाहीत. पुढं न्यूयॉर्कचं बॉक्सिंगवर देखरेख ठेवणारं कमिशन आधी विल्सशीच लढ म्हणून अडून बसलं, तर मंडळींनी डेम्प्सीची जीन टनी या दुसऱ्याच बॉक्सरशी ठरलेली फाईट उचलून फिलाडेल्फियाला नेली. सही बघितली की डेम्प्सी सुटतो असं वाटतं, पण ३ वर्षं एकही टायटल फाईट न करता बसलेल्या चॅम्पियनला एवढं सहज सोडायला माझं तरी मन होत नाही.