ब्रेक पॅड बदलण्याआधीचा शनिवार

घरी पहिल्यांदाच ब्रेक पॅड बदलणार असाल तर काम रविवारी सकाळी ठेवा आणि तयारी शनिवारी उरका. चाक उतरलं की गाडी जागची हलत नाही आणि रविवारी पार्टसची बरीचशी दुकानं बंद असतात. काय राहिलंय ते शनिवारीच कळायला हवं. मी सांगतोय ते फक्त पुढच्या चाकांच्या डिस्क पॅडबद्दल, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडबद्दल, आमच्या वॅगनआरवरून. मागे ड्रम आहेत आणि त्यातल्या स्प्रिंगांना नवख्याने हात घालू नये. मागेही डिस्क आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर ते काम गॅरेजलाच द्या.

पॅड घ्यायला जाताना गाडीचं आरसी सोबत न्या, कारण एकाच मॉडेलचे पॅड वर्षानुसार, व्हेरियंटनुसार वेगळे असतात. एका डब्यात चार पॅड येतात, दोन डावीकडचे, दोन उजवीकडचे. एकच बाजू झिजली असली तरी चारही बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. मला एकदा दुकानातून दुसऱ्याच व्हेरियंटचे पॅड मिळाले आणि ते कळलं कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) उघडल्यावर. तेव्हापासून मी शनिवारी दुपारी, दुकान उघडं असताना, एक चाक काढून रंगीत तालीम करतो. जुन्या पॅडचा आकार नव्याशी ताडून बघायचा, कॅलिपरचे बोल्ट जाम नाहीत ना ते बघायचं, पुन्हा आवळायचे, चाक लावायचं. कालपर्यंत पावसात उभी असलेली गाडी असेल तर या तालमीशिवाय पुढे जाऊच नका.

त्याच वेळी डिस्कही बघून घ्या. तिच्यावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. नखाला लागतील अशा खोल चऱ्या असतील, किंवा ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. पॅडचं घासायचं मटेरियल ३ मिलिमीटरवर आलं असेल तर वेळ झालीच आहे.

आता जॅक. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. गाडीसोबत मिळतो तो जॅक पंक्चर चाक बदलण्यापुरताच आहे, त्याच्या भरवशावर काम करत बसायचं नाही. जॅक स्टँडची (उचललेली गाडी ज्यांवर टेकवून ठेवतात त्या लोखंडी घोड्यांची) जोडी विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा. त्यांच्याऐवजी विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावू नका, ते एका क्षणात फुटतात. जमीन सपाट आणि टणक हवी. मातीत किंवा खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँड रुततो. जॅक कुठे लावायचा, स्टँड कुठे, हे मॅन्युअलमधल्या चित्रात पाहून खडूने खुणा करून ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, म्हणून पुढचं उचलताना तो ओढलेला हवाच. शिवाय गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. उतरवलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड दगा देऊन गाडी घसरलीच तर ती चाकावर अडेल. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, वर उचलून जोर लावायचा नाही.

बाकी सामान हाताशी, एका गोणपाटावर मांडा. नटांसाठी १९ नंबरची गोटी (सॉकेट), कॅलिपरसाठी बहुधा १२ किंवा १४ (तालमीत कळेलच), कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबायला सी क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा कॅन, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांसाठी ब्रेकचं खास ग्रीस, चिंध्या. साधं ग्रीस चालत नाही, ते उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं. कॅलिपर रबरी होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही, तो टांगायला बाइंडिंग वायरचा तुकडा ठेवा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नका. मास्क लावा आणि क्लीनरने ओली करून पुसा.

ब्रेक ऑइलचा ग्रेड टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो, डॉट ३ किंवा डॉट ४. नवी सीलबंद बाटलीच आणा, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पिस्टन मागे दाबला की टाकीतलं ऑइल वर चढतं, म्हणून जास्तीचं काढायला सुई नसलेली मोठी सिरिंज आणि बादलीभर पाणी जवळ ठेवा. रंगावर थेंब पडला तर लगेच धुवा, रंग सोलतो.

दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. एक बाजू पूर्ण झाली की दुसरी. अडलात तर न उघडलेली बाजू बघता येते. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा आणि ओळखीच्या मेकॅनिकला रविवारी सकाळी फोन करेन म्हणून आधीच सांगून ठेवा. काम झाल्यावर नवे पॅड डिस्कवर घासून नीट जुळावेत म्हणून मोकळा रस्ताही हेरून ठेवा, तिथे ५० च्या वेगावरून १० पर्यंत हळूहळू आठ-दहा वेळा ब्रेक मारायचे आहेत, मध्ये थोडा वेळ डिस्क थंड होऊ देत.

आणि शनिवारी रात्रीच एक कागद लिहून ठेवा: “पेडल कडक होईपर्यंत पंप केल्याशिवाय गाडी हलवायची नाही.” मागे दाबलेला पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पहिलं पेडल थेट तळाला जातं. चाक उतरवण्याआधी तो कागद स्टिअरिंगवर चिकटवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, घरात दुसरं कुणी चालवत असेल तर नक्कीच.