मनगटाचा बाजूचा एक्स-रे नीट बघा

रेसिडेंटशिपचं पहिलं वर्ष. रात्री दोनच्या सुमारास परांचीवरून पडलेला एक रंगारी कॅज्युअल्टीत आला. मनगट सुजलेलं, बोटं अर्धवट वाकलेली. समोरच्या एक्स-रेत मोडलेलं हाड दिसेना. बाजूचा तिरपा निघाला होता, तो मी पुन्हा काढून घेतला नाही. ‘मुरगळलंय’ म्हणून प्लास्टरची स्लॅब बांधून घरी पाठवलं. नवव्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. निदान होतं पेरिल्युनेट डिसलोकेशन, म्हणजे मनगटातल्या ल्युनेट या छोट्या हाडाभोवतीची हाडं जागेवरून निसटणं.

ऑर्थोत नव्यानं आलेल्यांना म्हणूनच कळकळीनं सांगतो, बाजूचा एक्स-रे खरोखर बाजूचा मिळेपर्यंत सोडू नका. रेडियस या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या खोबणीत ल्युनेट आणि ल्युनेटच्या वाटीत कॅपिटेट हे मनगटाचं पुढचं हाड, अशी सरळ रांग दिसली पाहिजे. कॅपिटेट वाटीतून निसटून हाताच्या पाठीकडे गेलं असेल, तर पेरिल्युनेट. वाटीच तळहाताकडे कलंडली असेल, तर ल्युनेट स्वतःच निखळलंय आणि ते थेट मीडियन नर्व्हवर, म्हणजे अंगठा आणि शेजारच्या बोटांना संवेदना देणाऱ्या नसेवर, दाबतं. समोरच्या फिल्मवर गिलुलाच्या तीन कमानी, म्हणजे मनगटाच्या हाडांच्या कडांनी बनणाऱ्या तीन वक्र रेषा, बोटानं गिरवा. कमान तुटली किंवा चौकोनी ल्युनेट त्रिकोणी दिसलं, तर सीनियरला उठवा. अशा चार रुग्णांमागे साधारण एकाचं निदान सुरुवातीला हुकतं. आणि बोटांची संवेदना तपासून केसपेपरवर वेळेसकट लिहा.

ताजी केस असेल तर भूल देऊन बोटं फिंगर ट्रॅपमध्ये (हात टांगायच्या जाळीच्या नळ्यांत) अडकवायची, कोपर काटकोनात, दंडाला वजन, दहा-पंधरा मिनिटं. घाई इथंच नडते. स्नायू सैल पडू द्या. मग एका अंगठ्यानं तळहाताच्या बाजूनं ल्युनेट दाबून धरायचं, ताण न सोडता मनगट आधी मागे आणि मग हळूहळू पुढे वाकवायचं. कॅपिटेट वाटीत बसलं की हाताला कळतं. बसत नसेल तर पुन्हा पुन्हा जोर लावू नका.

बसलं तरी ऑपरेशन लागतंच, कारण हाडांना एकमेकांशी बांधणारं लिगामेंट फाटलेलं असतं. हाताच्या पाठीकडून उघडून स्कॅफॉइड आणि ल्युनेट या हाडांना जोडणारं स्कॅफोल्युनेट लिगामेंट अँकरनं (हाडात रोवायच्या, धागा असलेल्या खिळीनं) शिवतात, हाडं जागेवर धरायला के-वायर म्हणजे तारा घालतात. स्कॅफॉइड मोडलं असेल तर हर्बर्ट स्क्रू. बधिरपणा असेल तर तळहाताकडून कार्पल टनेल, म्हणजे मीडियन नर्व्ह जिथून जाते तो मनगटातला बोगदाही मोकळा करतात.

त्या रंगाऱ्याला दोन्हीकडून उघडावं लागलं. आठ आठवड्यांनी तारा काढल्या. बोटांचा बधिरपणा हळूहळू उतरला, मनगट मात्र पूर्वीसारखं वाकलं नाही. आता तो ब्रश डाव्या हातात धरतो.